गुळगुळीत! अहो, गुळगुळीत!

तुमच्याकडे बेस गिटार आहे का? नसली तरी बसा! मला हे आजच्या आज कुणाला तरी सांगायचंय. घरात सगळ्यांना सांगून झालं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगून झालं, इस्त्रीचे कपडे न्यायला येतो त्यालाही दारात थांबवून सांगितलं, आणि तो बिचारा "हो ताई, हो ताई" म्हणत भराभर जिना उतरला. आता उरलात तुम्ही!

फ्लॅटवाउंड तारा! झालं, सांगितलं!

नाही, थांबा, असं नाही कळणार. पण आधीच बजावून ठेवते, मला यातलं काही कळत नाही. चाळिशी उलटल्यावर बेस गिटार हातात घेतलेली बाई मी. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये गिटारवाले ढीगभर, गाणारे त्याहून जास्त, बेस वाजवायला मात्र कुणीच तयार नाही, आणि बेसला तर चारच तारा, म्हणजे सहाच्या मानाने सोपंच असणार, असा माझा सरळ हिशोब होता. तेव्हा कुणी खरा बेसिस्ट हे वाचत असेल तर त्याने गालातल्या गालात हसावं आणि गप्प राहावं. माझ्या आनंदात मीठ कालवू नये!

तर. बेसची तार म्हणजे आत पोलादाचा गाभा आणि त्यावर गच्च गुंडाळलेली दुसरी तार. दुकानात एरवी मिळतात त्या राउंडवाउंड. त्यांच्यात ही वरची तार गोल असते, म्हणून तारेवर बारीक बारीक वळ्या असतात, आणि बोट सरकवलं की 'चुईं' असा आवाज येतो. मला वाटायचं तार म्हटली की हे आलंच! आणि फ्लॅटवाउंडमध्ये काय केलेलं असतं माहितीये? वरचं वेष्टन चपट्या फितीचं! मुरगळलेल्या घोट्याला क्रेप बँडेज बांधतात ना, वेढ्याला वेढा लागून, तशी पोलादाची नाहीतर निकेलची इवलीशी फीत गाभ्यावर गुंडाळलेली! एवढंच! बाकी ई, ए, डी, जी हे सूर तेच, खुंट्या त्याच, गिटार तीच. आणि मग तुम्ही त्या तारेवरून बोट फिरवता आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही! चुईं नाही, खरखर नाही, बोट या टोकाहून त्या टोकाला पोचलं तरी तारेला पत्ता नाही! मी पहिल्यांदा नुसतं बोटच फिरवत बसले. वाजवायचं विसरूनच गेले! किती गुळगुळीत! अहो, किती!

आणि मग वाजवलं.

ठुम्म!

ठणण् नाही हं. ठुम्म! सुरुवात जाड, मध्ये गोलमटोल, आणि मग सूर आपला मुकाट्याने निघून जातो, मागे शेपूट नाही की लोंबकळणं नाही. मी पुन्हा वाजवलं. ठुम्म! पुन्हा. ठुम्म! आतल्या खोलीतून चिरंजीव बाहेर आले. ते लीड गिटार वाजवतात, त्यामुळे घरात त्यांचा शब्द प्रमाण.

"आई, तुझा अँप बिघडलाय. ट्रेबल गेलाय सगळा."

"गेला नाही रे, मी घालवलाय! पैसे देऊन घालवलाय!"

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी एरवी त्याच्या मार्कशीटकडे पाहताना राखून ठेवलेली असते.

आणि त्याचं तरी काय चुकलं? वेडेपणाच आहे हा! तंबोऱ्याचं बघा ना. तिकडे मिरजेत जवारी लावणारे कारागीर घोडीचा माथा कानशीने जरा घासतात, तार छेडून ऐकतात, पुन्हा जरा घासतात, आणि मग तारेखाली सुताचा दोरा घालून केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे सरकवतात. कशासाठी एवढं? तार झणझणावी म्हणून! खर्जातून वरचे सगळे स्वर ओसंडावेत म्हणून! आणि मी काय केलं, तर त्याच वरच्या स्वरांना खिशातले पैसे खर्चून घराबाहेर काढलं. मिरजेच्या एखाद्या बुजुर्ग कारागिराला हे कळलं तर तो मला तंबोऱ्याच्या आसपास फिरकू देणार नाही.

पण माझं ऐकून तर घ्या! तंबोऱ्याला सगळी मैफल भारून टाकायची असते, बेसला ढोलकीच्या, ड्रमच्या गळ्यात गळा घालून खाली राहायचं असतं. बेसची सर्वात जाड तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा थरथरते, आणि तिचा जो वरचा चमचमाट असतो तो जाऊन बसतो नेमका गिटारच्या आणि झांजांच्या जागेवर. तो काढून टाकला तर सगळ्यांना ऐसपैस जागा होते! हे मी कुठे वाचलं म्हणून सांगत नाहीये हं, आमच्या ग्रुपमध्ये घडलं. मी अँपच्या बटणाला हात लावला नव्हता, उलट भीत भीत वाजवत होते, आणि आमच्या गाणाऱ्या वहिनी मध्येच थांबून म्हणाल्या, "आज तुम्ही आवाज वाढवलाय का हो? आज तुम्ही ऐकू येताय!" आज ऐकू येताय! म्हणजे इतके रविवार मी काय करत होते? मला रडावं की नाचावं कळेना. नाचले!

आणि मग घरी येऊन मी जुनी गाणी लावली आणि मला तो माणूस सापडला. जेम्स जेमरसन! तुम्हाला माहीत असेल तर असू दे, मी आज भेटलेय त्याला, मला सांगू द्या. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक साधं घर, त्यात मोटाऊन कंपनीचा स्टुडिओ, आणि त्यात हा बसून साठच्या दशकातली एकेक गाणी वाजवतोय. टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल' सुरू होतं तेव्हा सगळ्यात आधी जो बेस येतो ना, तो हा! मार्विन गे आणि टॅमी टेरेलचं 1967चं 'एन्ट नो माउंटन हाय इनफ', त्यात खाली जो उड्या मारतोय, तोही हाच! वर्षानुवर्षं रेकॉर्डच्या पाकिटावर नाव नाही. 1971च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ते छापून आलं. (याबद्दल मला वेगळं चिडायचंय, पण आज नाही, आज मी आनंदात आहे.)

आता गंमत ऐका! हा वाजवायचा फेंडरच्या 1962च्या प्रिसिजन बेसवर, आणि त्यावर तारा ला बेला कंपनीच्या फ्लॅटवाउंड, आणि त्या केवढ्या जाड, तर सर्वात बारीक तार 0.052 इंच आणि सर्वात जाड 0.110 इंच, म्हणजे जवळजवळ 2.8 मिलिमीटर! ती तार आहे की सळई! आणि उजव्या हाताने छेडायचा तो फक्त तर्जनीने! एका बोटाने! एवढं सगळं एका बोटाने! आणि सगळ्यात भारी तर पुढेच आहे. तार तुटल्याशिवाय हा माणूस ती बदलायचाच नाही! घाम, मळ, जे काय बसेल ते बसू दे, आवाज आणखी मुरतोय ना, मग झालं!

तुम्हाला सांगते, इथे माझ्यातली मध्यमवर्गीय मराठी बाई खडबडून जागी झाली. तारा तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत? आणि तेच उत्तम? अहो, हे तर आमच्या रक्तात आहे!

कारण यांची किंमत ऐकून मी आधी खुर्चीत बसले होते. राउंडवाउंडच्या सेटपेक्षा फ्लॅटवाउंडचा सेट बराच महाग, आणि व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इन्फेल्ड कंपनीच्या तारांचं तर नुसतं नाव काढलं तरी पाकीट कण्हतं. पण राउंडवाउंडच्या वळ्यांत मळ आणि घाम भरतो, तार मरगळते, आणि मग पुन्हा नवा सेट घ्या. फ्लॅटवाउंडला वळ्याच नाहीत, मळ जाणार कुठे? वर्षानुवर्षं चालतात! शिवाय फ्रेटही, म्हणजे दांडीवरच्या त्या धातूच्या आडव्या पट्ट्या, कमी झिजतात. हे सगळं मी नवऱ्याला कागदावर आकडेमोड करून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तू यानंतर तारा घेणार नाहीस?" मी विषय बदलला.

जेमरसनच्या गिटारवर आणखी एक गुपित होतं. त्या काळच्या फेंडर बेसवर घोडीच्या वर एक धातूचं झाकण यायचं आणि त्याच्या आत फोमची पट्टी, जी तारांना हलकेच दाबून धरते. लोक ते झाकण काढून टाकायचे, याने ठेवलं. हे वाचलं आणि मी थेट ओट्याजवळ. भांड्यांचा नवा कोरा स्पंज घेतला, त्याची पट्टी कापली, घोडीजवळ तारांखाली सरकवली आणि मग, देवा! ठुम्म होतं ते 'ठुप' झालं! कोरडं, नेमकं, गोंडस! लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के नावाच्या बाईंनीही असाच फेल्टचा तुकडा लावून, वर पिकने वाजवून, साठच्या दशकात शेकड्यांनी रेकॉर्डिंग केली. बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'वरही त्या आहेत. म्हणजे बघा, त्यांचं फेल्ट आणि आमचा स्पंज! उरलेल्या स्पंजने संध्याकाळी भांडी घासली, वाया काही गेलं नाही.

मला वाटत होतं, ठीक आहे, ही सगळी जुनी, मऊ, प्रेमाची गाणी, तिथे हे शोभतं. आणि मग चिरंजीवांनीच माझ्यापुढे बॉम्ब टाकला. म्हणजे त्याला टाकायचा नव्हता, तो मला चिडवायला आयर्न मेडन लावून बसला होता, धडाधड, घोडे उधळल्यासारखा तो बेस, आणि मी सहज शोधलं की हा स्टीव्ह हॅरिस कुठल्या तारा लावतो. फ्लॅटवाउंड! हो! रोटोसाउंडच्या फ्लॅटवाउंड, 50 ते 110! हेवी मेटल! 'द नंबर ऑफ द बीस्ट'! तो इतक्या जोरात वाजवतो की तारा फ्रेटवर आपटून खटखटतात. आणि हा मात्र जेमरसनच्या अगदी उलटा, तारा सारख्या बदलतो, नव्या फ्लॅटवाउंडची ती पहिली चमक त्याला हवी असते. मी मोबाइल मुलाच्या तोंडासमोर धरला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आवाज कमी न करता खोलीचं दार लावून घेतलं. जिंकले!

आणि अजून एक! मला वाटायचं हे गुळगुळीत प्रकरण म्हणजे कुणीतरी अलीकडे काढलेलं काहीतरी खास. साफ उलटं! इलेक्ट्रिक बेस नवा होता तेव्हा गुळगुळीत तारा हाच रिवाज होता, आणि वळ्यांच्या तारा बेसवर रुळल्या त्या नंतर, साठच्या दशकात, इंग्लंडमध्ये रोटोसाउंडचे जेम्स हाऊ आणि द हू बँडचा जॉन एन्टविसल यांनी मिळून पियानोसारखा खणखणीत आवाज देणाऱ्या तारा घडवल्या तेव्हा. म्हणजे आज ज्याला आपण नेहमीचं म्हणतो तेच उपटसुंभ! आणि व्हायोलिन! कधी व्हायोलिनच्या तारेवर बोट फिरवलंय? गुळगुळीत! चपटी फीतच गुंडाळलेली असते! आमच्या भाचीचं व्हायोलिन कितीदा हातात घेतलं मी, आणि कधी डोक्यात प्रकाश पडला नाही!

बरं, आता कामाचं. कारण तुम्ही इथवर आलात म्हणजे तुम्हीही घेणार. नाही म्हणू नका, मला दिसतंय.

मला वाटायचं निवड करायची ती आवाजावरून. पण मी आता छातीठोकपणे सांगते (अनुभव नसलेली माणसंच असं सांगू शकतात), की आधी ताण बघा! तार ठरावीक लांबीची आणि ठरावीक सुरात लावायची, तर ती जितकी वजनदार तितकी जास्त ताणावी लागते. आणि फ्लॅटवाउंडमध्ये वेढ्यांमध्ये पोकळी उरत नाही, धातू ठासून भरलेला, म्हणून जाडीचा आकडा तोच असला तरी तार बहुधा जास्त ताठ लागते. मी आधी घेतल्या त्या डॅडारिओ क्रोम्स, 45 ते 100. हे आकडे म्हणजे इंचाचा हजारावा भाग बरं का, बारीक तारेपासून जाड तारेपर्यंत. फ्लॅटवाउंडमध्ये त्या जरा उजळ आवाजाच्या, नव्या असताना तर बऱ्यापैकी खणखणतात, आणि चांगल्याच ताठ. पहिल्या रात्री माझी करंगळी माझ्याशी बोलत नव्हती.

आणि मग एका मित्राच्या बेसवर थॉमास्टिकच्या जॅझ फ्लॅट्स वाजवून पाहिल्या. अहो! आकडे 43, 56, 70, 100, निकेलच्या, आणि मऊ! वाकतात! बोटाखाली लवतात! आवाज दबका नाहीच, उलट मध्ये गुरगुर आहे त्यात, गातात त्या! मला हे अपेक्षितच नव्हतं, मी समजून चालले होते की फ्लॅटवाउंड म्हटलं की सगळं ठुम्म. पण मित्र म्हणाला, "ज्याला जोरात वाजवायची सवय आहे त्याचा या तारांवर गोंधळ होतो, फार हलतात." आणि खरंच, मी जोशात आले आणि तार फ्रेटवर फडफडली. म्हणजे हातही बदलायचा! तार घेतली की हात बदलायचा! हे कुणी का सांगत नाही?

ला बेलाच्या डीप टॉकिन बेस तारा म्हणजे थेट जेमरसनचं घराणं. त्यात 43 ते 104 आहेत, 45 ते 105 आहेत, आणि ती 52 ते 110ची सळई आजही मिळते! मिळते! पण ती लावायची तर नटच्या, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा रुंद करायला लागू शकतात आणि दांडीवर जबर ओढ येते. मी एका रात्री उत्साहाच्या भरात ती मागवायला निघाले होते, पण करंगळीने मतदानाचा हक्क बजावला. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने सळईच्या वाटेला जाऊ नये. 45च्या आसपासचा सेट घ्यावा, आणि बोटं नाजूक असतील तर मन घट्ट करून थॉमास्टिक. बस, याहून जास्त मला कळत नाही, आणि एवढं तरी कळतं का याचीही खात्री नाही!

लांबी मात्र बघून घ्या. फेंडरच्या प्रिसिजन आणि जॅझ बेसची स्केल 34 इंच. पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर आहे ना, तसे छोटे बेस 30 इंचांच्या आसपास. छोट्या बेसला लांब तारा घेतल्या तर तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळायला येतो, आणि फ्लॅटवाउंडला ते मुळीच सोसत नाही, फीत उकलते नाहीतर तुटते. आणि तार कापायच्या आधी ती काटकोनात वाकवून घ्या! आधी वाकवा, मग कापा! काही तारांचा गाभा गोल असतो, आणि न वाकवता कापलं तर वरचं वेष्टन गाभ्यावरून सैल सुटून फिरतं आणि तार जन्मभराची मुकी होते. एवढी महाग तार! कापताना माझे हात थरथरत होते, आणि नवरा शेजारी बॅटरी धरून उभा होता, लाइट असताना!

तारा चढवल्यावर लगेच मत बनवू नका, दांडी नव्या ओढीने जरा पुढे झुकेल, दांडीच्या आतल्या ट्रस रॉडचा पाव वेढा लागेल, घोडीवर सूर पुन्हा जुळवावे लागतील, आणि पहिली चमक ओसरू द्या. मग तो ठुम्म उतरतो. मी रोज वाजवून बघते. आज कालच्यापेक्षा ठुम्म आहे का? आहे! थोडा आहे! "ऐक रे," म्हणते. मुलगा म्हणतो, "आई, तोच आहे." नाहीये तोच!

आणि मग काल रात्री माझ्या डोक्यात नवीनच भुंगा शिरला. फ्रेटलेस बेस! ज्याच्या दांडीवर फ्रेटच नसतात, तार थेट लाकडावर. जॅको पास्टोरियसने त्यावर वळ्यांच्या तारा लावल्या, आणि त्या लाकूड खाऊ नयेत म्हणून दांडीवर बोटींना लावायचं इपॉक्सी चढवलं! बोटींचं! पण गुळगुळीत तारा असतील तर लाकडाची एवढी धास्तीच नाही! म्हणजे माझ्याकडे अर्धी तयारी झालेलीच आहे! फक्त बेस नाही. आणि एक दिसलाय, सेकंडहँड, पुण्यातच, फार महाग नाही, म्हणजे आहे, पण फार नाही. घरी अजून कुणाला बोलले नाही. तुम्हाला नवऱ्याचा फोन आलाच तर एवढंच सांगा, की तारांमुळे लाकूड झिजत नाही, म्हणजे तो एकदाच घ्यावा लागतो, म्हणजे ही बचतच आहे. आणि तो पुढचं काही विचारायच्या आत फोन ठेवून द्या!